क्लेमचं उत्तर

सावद्याच्या पॅकहाउसमध्ये रात्री सव्वानऊला
बहरीनहून मेल येतो. सोबत चौदा फोटो.
तिकडच्या पांढऱ्या उजेडात
आपली केळी अनोळखी दिसतात,
पासपोर्टवरच्या माणसांसारखी.

फेगडेशेठ म्हणतात, वारके मॅडम, गुळमुळीत लिहा.
डॅमेज नको, डॅमेज म्हटलं की पैसे जातात.
डिफेक्ट तर नाहीच नाही,
तो थेट आपल्या मळ्यात येऊन बसतो.

मी फैजपूरची बी.ए., स्पेशल इंग्लिश.
समानार्थी शब्दांना पाच मार्क होते,
मी पाचही घेतले होते.
कुणी सांगितलं नव्हतं
की अशा दोन शब्दांच्या मधे
एक अख्खा कंटेनर मावतो.

स्कार म्हणजे जुनं. घड झाडावर असताना
वाऱ्यानं पान घासत राहिलं,
तेवढी साल राखाडी, गर गोडच.
स्टेन चिकाचा,
माझ्या तीन ड्रेसवर आहे, मरेपर्यंत राहील.
ब्लेमिश मला आवडत नाही.
चहा पिता पिता मुलीच्या कपाळावरचा
चट्टा हेरणाऱ्या मावशीसारखा शब्द,
त्याला चवीशी काही देणंघेणं नाही.
आणि ब्रूझ.
साल शाबूत, बोट लावलं की मऊ.

बायांची गाडी अजून यायची आहे.
फण्या सोडवणारी शरीफाबाई तडवी
माझ्या खुर्चीमागून स्क्रीनकडे बघते.
"हे घासलेलं नाही, ताई.
घासल्याचा रंग येगळा राह्यतो.
हा मुका मार हाये."

मी टाइप करता करता थांबते.

"विंग्रजीत काय म्हन्तात याले?"
ब्रूझ, मी सांगते.
ती शब्द तोंडात घोळवून बघते, हसते.
"आन् बोलत नाही तो, हे येतं का त्याच्यात?"

नाही येत.
डिक्शनरीत रंग आहे, निळा, जांभळा,
कातडी न फुटता, असंसुद्धा आहे.
मुकेपणा कुठंच नाही.

शेठ घड्याळ बघतात. आता शेवटची ओळ.
अपॉलॉजाइजमध्ये मान वाकते,
आणि वाकल्या मानेवर लगेच डेबिट नोट येते.
सॉरी तर वर्गात उशिरा आलेल्या पोराचं.
रिग्रेट बरं. रिग्रेट माडीवरून बघतं,
खाली काय झालं त्याचं त्याला वाईट वाटतं
आणि ते तिथंच उभं राहतं.

लिहिते: वुई रिग्रेट द ब्रूझिंग इन ट्रान्झिट.
शेठ खूश. ट्रान्झिट म्हणजे जहाज,
म्हणजे न्हावाशेवा, म्हणजे कुणीतरी दुसरं.
पण मळ्यातून इथवर येणारा
आपला टेम्पोही ट्रान्झिटच की.
उटखेड्याच्या रस्त्यावर तो कसा उधळतो
मला माहीत आहे, शेठना माहीत आहे,
शब्दाला माहीत नाही.
तेवढ्यासाठीच तर निवडला.

मेल जातो.
कोल्डरूमचं दार लागतं, आत तेरा डिग्री,
बाहेर रात्री दहालाही एप्रिल तापलेला.
बायांची गाडी येते.
शरीफाबाई चढताना उजवा हात वापरत नाही.
डाव्या हातानं दांडा धरते,
उजवा कोपर पोटाशी धरून, जपून,
घड उतरवताना खांद्याला लावतात ना, तसा.
बाही मनगटापर्यंत. या उकाड्यात.

उद्या विचारायला हवं.
लागलं का, असं विचारलं
तर म्हणेल, हो, दाराले.
लागण्याला कोणी लावणारा लागत नाही.
मारलं का, असं विचारायचं
तर त्या शब्दात आधीच एक माणूस उभा आहे,
आणि तो तिच्या घरात राहतो.

स्क्रीन विझवते.
दोन्ही शब्द माझ्याच भाषेतले, रोजचे.
पाच मार्कांचे.
दिवा बंद करून
मी अजून खुर्चीतच.